रोजचा एक फोटो

विनिता : फोन दे, मालन. बघते आणि लगेच परत करते.

मालन : नाय देणार, ताई.

विनिता : लपवायचं काही नसेल तर दाखवायला काय होतंय?

मालन : माझा फोन हाय. नाय दाखवायचा मला.

मंदाकिनी : विनू, आल्या आल्या हे काय? डोंबिवलीहून धावतपळत आलीस, पाणीसुद्धा प्यायली नाहीस. काय केलंय मालनने?

विनिता : आई, तू दुपारी झोपलेली असतेस, तुला कळत नाही. ही तुझ्या कपाटासमोर उभी राहून फोटो काढते. तुझे दागिने आहेत त्यात. परवा काढला. आज तुझा काढला, झोपेत.

मालन : आजींचा नाय काढला. त्यांच्या उशीवर ऊन आलेलं, त्याचा काढला.

विनिता : उन्हाचा? कोण काढतं उन्हाचा फोटो?

मालन : मी काढते. रोज एक. आमच्या दिशानं अ‍ॅप टाकून दिलंय. दिवसाला एकच फोटो ठेवायचा, खाली तारीख आपोआप येते. कुणाला पाठवत नाय, स्टेटसला ठेवत नाय. चार आकडे दाबले तरच उघडतं. ते आकडे माझ्या लेकीला पण माहीत नायत.

विनिता : आणि हे सगळं कशासाठी?

मालन : आमच्या ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली, ताई. पहिलं वर्ष कसं गेलं, खरंच सांगते, मला ठाऊक नाय. कुणी विचारलं परवा काय केलंस, तर सांगताच यायचं नाय. आंबिवलीहून निघायचं, दुसऱ्यांच्या घरातल्या म्हाताऱ्यांचं करायचं, परत आंबिवली. दिशा बोलली, आई, डायरी लिही. मी चौथी शिकलेली. लिहायला बसले की घाम फुटतो. म्हणून मग फोटो.

विनिता : बरं. उन्हाचे फोटो आहेत ना? मग दाखव की.

मालन : कामावरून काढायचं तर काढा. पण ते माझं हाय.

मंदाकिनी : विनिता, एक सांग मला. मालन फोटो काढते, हे तुला डोंबिवलीत बसून कसं कळलं?

विनिता : ते आता जाऊ दे ना, आई.

मंदाकिनी : मी विचारतेय.

विनिता : कॅमेरा आहे. तिथे, घड्याळाच्या शेजारी. छोटासा.

मंदाकिनी : ते? ऋतुराज तर मला म्हणाला, आजी, वायफायचं काहीतरी आहे.

विनिता : त्याचा काही दोष नाही. तसं सांग म्हणून मीच त्याला सांगितलं होतं. मालन कामावर यायच्या आदल्या दिवशी लावून घेतला.

मंदाकिनी : म्हणजे गणपतीच्या आधी. विनू, माझं अंग इथेच पुसतात. कपडे इथेच बदलतात. मी म्हातारी झाले म्हणून काय झालं?

विनिता : मी तेव्हा बघत नाही गं! लगेच बंद करते.

मंदाकिनी : बंद करण्याआधी दिसतंच ना?

विनिता : मग काय करायला हवं होतं मी? आधीची बाई विसरलीस? तुला ओल्या चादरीवर ठेवून तासन्‌तास गॅलरीत बोलत बसायची. पाठ सोलवटून निघाली होती तुझी आणि तू एका शब्दानं मला सांगितलं नाहीस. डॉक्टर बोलले तेव्हा कळलं. डबा तसाच परत आणायचे मी. रोज येता येत नाही मला, आई. खरंच नाही येत.

मंदाकिनी : ठाऊक आहे मला. म्हणूनच नव्हतं सांगितलं. पण मला विचारायचं होतंस. अडतीस वर्षं मुलींना शिकवलं मी. पाय चालत नाहीत माझे, डोकं चालतं.

मालन : मी पण हितंच साडी नीट करते, ताई.

विनिता : मालन, मी तसं काही...

मालन : आरशासमोर उभी होते, ते दिसलं ना तुम्हाला?

विनिता : पाठमोरी होतीस. हातात फोन आणि समोर कपाट. तेवढंच दिसलं.

मंदाकिनी : त्या कपाटाला आरसा आहे, विनू. तुझ्या लग्नात तिथेच तर तयार झालीस.

मालन : ऱ्हाऊ द्या, आजी. मीच सांगते. टिकली लावते मी. आजींनी दिली. सकाळी आले की लावते, निघताना काढून ठेवते. घरी सासू हाय, दीर हायत, अख्खी आळी बघत असते. आता पण कपाळावर हाय, बघा. मघापासून समोर उभी हाय तुमच्या.

विनिता : माझं लक्षच गेलं नाही.

मालन : पहिल्या दिवशी लावली तेव्हा आरशात बघून रडलेली मी. त्या दिवसाचा हाय फोटो. मग कधी ऊन, कधी आजींची पेजेची वाटी, कधी मी. घरी कुणाच्या हातात पडला तर दिशाला पण ऐकून घ्यावं लागंल. म्हणून ते चार आकडे.

(विनिता स्टुलावर चढते. वायर ओढून कॅमेरा काढते आणि आईच्या हातात देते.)

विनिता : हा तुझ्याकडे ठेव. आणि माझ्या फोनवर जे साठलंय ते आत्ता पुसते, तुम्हा दोघींसमोर. हे बघ... हे गेलं. आता काही नाही.

मंदाकिनी : मला त्यातलं कळत नाही. तू म्हणतेस म्हणजे गेलं.

विनिता : मालन, उद्या येशील?

मालन : येईन. आजींसाठी येईन. तुमच्याशी पहिल्यासारखं बोलायला मला थोडे दिवस लागतील.

विनिता : लागू देत. चूक माझीच आहे. आज लवकर निघ तू. मी राहते इथेच.

मालन : मग एक ऐकून ठेवा. कूस बदलताना डाव्या खांद्याखाली हात नाय घालायचा. दुखतं त्यांना. कमरेला धरायचं आणि हळू वळवायचं.

विनिता : खांदा? कधीपासून दुखतोय, आई?

मंदाकिनी : झाला असेल महिना. जास्तच.

विनिता : मी रोज बघत होते तुला.

मंदाकिनी : हो गं. रडू नकोस. ये, बस इथे.

विनिता : कुठे दुखतं? इथे?

मंदाकिनी : जरा खाली. अजून थोडं... हं. तिथे.