वाळूतला किडा

चहा निवला तरी चालेल, पण हे ऐका गं. आमच्या ह्यांनी टीबीच्या गोळ्या मध्येच सोडल्या होत्या. खोकला थांबला, म्हणून म्हणे मी बरा झालो. सुनेने समजावलं, मी रडले, पण हे एक नाही की दोन नाही. दिवसभर आपले काचेच्या टाकीतल्या झाडांपाशी नि माशांपाशी.

एकदा बघते तर माशांच्या अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके. मला वाटलं, देवी आल्या. कडुनिंबाचा पाला आत टाकणार, तोच ह्यांनी माझा हात धरला.

"अगं, देवी कसल्या? किडे आहेत ते. औषध घातलं तर झाडं जळतील. पाणी गरम ठेवायचं, मासे घेतले त्या वाकोल्याच्या दुकानदाराने सांगितलंय."

मग जेवणही टाकीपाशीच. हळूहळू ठिपके गेले. आमची सून मनाली म्हणाली, "बाबा, आता हीटर बंद करू ना? मासे झकास झालेत."

हे खेकसले, "हात लावू नकोस! ठिपके गेले म्हणजे रोग गेला काय? किडा खाली वाळूत लपून असतो. मध्येच सोडलं की परत येतो, आणि मग मारूनच जातो."

  मनाली नि मी, दोघी नुसत्या ह्यांच्याकडे बघत राहिलो.

हे काचेकडे वळले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "उद्या दवाखान्यात जायचंय. येशील ना सोबत?"