पेटीतलं उत्तर अंतिम

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे आधारस्तंभ आदरणीय पुंजाराम अण्णा, व्यासपीठावरचे मुख्याध्यापक राकेश सर, विंचूरच्या शाळेतून वेळात वेळ काढून आलेल्या सृष्टी मॅडम, माझे सहकारी शिक्षक, शिक्षकेतर बंधुभगिनी, पालकवर्ग, आणि मागे सतरंजीवर बसून कधी एकदा जेवायला सोडतात याची वाट पाहणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनो,

आपण सर्वांनी या गोरक्ष आहेरला शाल दिली, श्रीफळ दिलं, आणि राकेश सरांनी खणखणीत आवाजात मानपत्र वाचलं. त्यातलं एक वाक्य आपण टाळ्या वाजवून उचलून धरलंत. ‘ज्यांच्या नवलपेटीतले उत्तर आजवर कधी चुकले नाही, असे आमचे आहेर सर.’ टाळ्या वाजत होत्या तेव्हा मी खाली बुटांकडे बघत होतो. काहींना वाटलं असेल, सर भारावले. नाही हो. मला लाज वाटत होती. आत्ताही वाटते आहे, आणि ती घेऊन घरी जाण्यापेक्षा इथेच बोलून टाकावं असं मी ठरवलं आहे.

बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी नवलपेटीबद्दल थोडं सांगतो. बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात मी जगभरची नवलं चिठ्ठ्यांवर लिहून ठेवत आलो. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. शुक्रावरचा एक दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा असतो. इजिप्तची क्लिओपात्रा ही तिथल्या थोरल्या पिरॅमिडपेक्षा आपल्या काळाला जवळची आहे. केळं शास्त्राप्रमाणे बेरी आहे आणि स्ट्रॉबेरी नाही! हे सांगितलं की मुलं कशी डोळे विस्फारायची. त्या डोळ्यांसाठीच तर मी नोकरी केली म्हणा ना. पुढे या डब्याची स्पर्धा झाली, तालुक्यातल्या शाळा येऊ लागल्या, अण्णांनी फिरती ढाल दिली. आणि वाद होऊ लागले तेव्हा मी एक नियम केला. पेटीतलं उत्तर अंतिम. चिठ्ठीवर जे असेल ते बरोबर, बाकी सगळं चूक, चर्चा नाही.

नियम सोयीचा होता, हे कबूल करायला हवं. प्लूटोचं ग्रहपद गेलं तेव्हा त्याची चिठ्ठी मी फाडली नाही, डब्याच्या तळाशी सारून दिली. माणूस स्वतःच्या पेटीवर इतकं प्रेम करतो, काय करणार?

तर गेल्या रविवारी याच सभागृहात अंतिम फेरी झाली. एका बाजूला आपला संघ, कप्तान राज. दुसऱ्या बाजूला विंचूरचा संघ, कप्तान आयत वसीम शेख. गुण समसमान. शेवटची चिठ्ठी मी काढली. प्रश्न होता, कांद्याचा आपण खातो तो भाग म्हणजे वनस्पतीचा कोणता भाग? घंटी आधी आयतने दाबली आणि म्हणाली, “सर, पान.”

आता विचार करा. पिंपळगाव बसवंतचं सभागृह. समोर बसलेल्यांपैकी कोण कांदा पिकवतो, कोण लिलावात घेतो, कोण कांदाचाळीत साठवतो. आपल्याकडे पात ती पात आणि कांदा तो कांदा. दोन्हींचा भाव वेगळा, बाजार वेगळा, भाजीही वेगळी. अशा सभेत एक मुलगी उभी राहून कांद्याला पान म्हणते म्हटल्यावर काय होणार? सगळं सभागृह फिदीफिदी हसलं. आणि अण्णा, आपण अध्यक्ष आहात म्हणून गाळत नाही, आपण पहिल्या रांगेतून म्हणालात, “पोरी, पात येगळी अन् कांदा येगळा हाय.” त्यावर तर हसू छपराला भिडलं. मीही हसलो. माझं हसणं माइकमधून गेलं, म्हणजे सगळ्यांत मोठं माझंच.

आयत बसली नाही. ती म्हणाली, “सर, पात सोलली की...” आणि तेवढ्यात मी घंटी वाजवली. चिठ्ठी उंच धरून वाचली. खोड. पेटीतलं उत्तर अंतिम. ढाल आपल्या शाळेकडे आली, म्हणजे माझ्याच शाळेकडे, माझ्या निवृत्तीच्या आठवड्यात. फटाके लागले. विंचूरची मुलं आयतच्या वडिलांच्या, वसीमभाईंच्या टेम्पोत बसून गेली.

बुधवारी आमच्या सौ. पातीचा कांदा निवडत होत्या. मी समोर बसून याच समारंभाचं भाषण मनात जुळवत होतो. तेव्हा फार सुंदर भाषण होतं ते, असो. सौभाग्यवतींनी एक बाहेरची पात धरून खाली ओढली. पात निघाली, आणि तिच्याबरोबर कांद्याचा एक अख्खा पापुद्रा निघाला. मी म्हटलं, पुन्हा ओढा बरं. पुन्हा तेच. वरची हिरवी पात आणि खालचा पांढरा पापुद्रा, दोन्ही एकच. पानाचंच बूड फुगून कांदा झालेला. मग खोड कुठे? तर तळाशी, मुळ्या फुटतात तिथे, ती कडक टिकली. जी आपण पहिल्यांदा कापून टाकतो. म्हणजे मी ज्याला उत्तर म्हणून उंच धरलं होतं ते रोज आमच्या घरी कचऱ्यात जात होतं.

मग पुस्तकं काढली. शालेय पुस्तकात कांद्याला भूमिगत खोड म्हटलेलं असतं, त्यावरून मी चिठ्ठी लिहिली होती. पण माझा प्रश्न खाण्याच्या भागाबद्दल होता, आणि मोठ्या पुस्तकात स्वच्छ लिहिलं आहे की तो भाग पानांचा. आयत बरोबर होती. ‘सर, पात सोलली की’ याच्या पुढे ती हेच सांगणार होती.

इथपर्यंत चूक झाली म्हणता येईल. चूक कोणाची होत नाही? पण पुढचं ऐका. गुरुवारी मी आयतची माफी मागायला विंचूरला गेलो. वसीमभाईंचा टेम्पो दारात होता, म्हणजे घरात माणसं होती. मी गाडी थांबवली नाही. पुढच्या चौकात वळवली आणि सरळ पिंपळगावला परत आलो. मनात काय होतं ते सांगायलाही जीभ रेटत नाही. मनात होतं, शनिवारी निरोप समारंभ आहे, उगाच आत्ता राळ कशाला उडवायची? मानपत्र छापून झालंय. दोन दिवस निघाले की निघाले.

काल सृष्टी मॅडमचा फोन आला. आयत पुष्पगुच्छ द्यायला येईल म्हणाल्या. हरलेल्या संघाच्या कप्तानाने पुढच्या पहिल्या समारंभात सत्कारमूर्तीला पुष्पगुच्छ द्यायचा, ही आपल्याकडची प्रथा. मुलांमध्ये खिलाडूवृत्ती वाढावी म्हणून कोणी सुरू केली? मीच. मॅडम पुढे म्हणाल्या, “येईल सर, पण रविवारपासून वर्गात हात वर करत नाही ती. तुम्ही एक शब्द बोला तिच्याशी.” मी हो हो म्हणालो आणि फोन ठेवला.

आणि अर्ध्या तासापूर्वी ती या व्यासपीठावर आली. गुलाबांचा गुच्छ माझ्या हातात दिला, सर अभिनंदन म्हणाली, आणि आपल्या अब्बांशेजारी जाऊन बसली. मला तो एक शब्द तेव्हाही सुचला नाही. फोटोत मी हसताना दिसेन.

आता शेवटचं, आणि हेच मला सर्वांत जास्त लागलं आहे. आज सकाळी मी राजला बाजूला घेतलं. त्याला सांगितलं, बाळा, ढाल आपली नव्हे, आयतचं बरोबर होतं. मला वाटलं पोरगं रडेल. तो शांतपणे म्हणाला, “मला माहीत होतं सर. आम्ही घरी पात सोलतोच की.” मी विचारलं, मग बोलला का नाहीस? तो म्हणाला, “पेटीतलं उत्तर अंतिम असतं ना सर.”

मंडळी, राज हुशार मुलगा आहे, त्याला कोणी बोल लावू नका. त्याने माझं ऐकलं. एका मुलीला खरं बोलून गप्प बसावं लागलं आणि एक मुलगा खरं माहीत असून गप्प बसला. दोघांनाही गप्प बसवलं ते माझ्या नियमाने. जगातली नवलं दाखवून मुलांचे डोळे उघडतो म्हणून मी मिरवत होतो, आणि रोज खातो तो कांदा मी कधी नीट पाहिला नव्हता. आज इथे कांदा आणून चिरून दाखवावा असं मनात होतं. मुद्दाम आणला नाही. माझ्या डोळ्यांतलं पाणी त्याच्या नावावर खपलं असतं.

राकेश सर, आपण मघापासून कार्यालयाच्या कपाटाकडे शिपाई पाठवायच्या विचारात दिसता, तसदी घेऊ नका. ढाल या टेबलाखाली पिशवीत आहे. न विचारता काढली. राजने आणि मी मिळून काढली, चौकशी करायची तर माझी करा, सोमवारपासून मला वेळच वेळ आहे. अण्णा, ढाल आपण दिलेली, तेव्हा ती विंचूरला आपल्याच हातून जावी अशी विनंती. आपण मान डोलावलीत, मी आभारी आहे.

वसीमभाई, गुरुवारी तुमच्या दारावरून पळून गेलेला माणूस मीच. तुमच्या मुलीची भर सभेत हेटाळणी झाली, म्हणून माफीही भर सभेतच मागतो.

संस्थेचे, सहकाऱ्यांचे, स्वयंपाकघरात राबणाऱ्या मंडळींचे आणि घरच्या पातीच्या कांद्याचे मनापासून आभार. भाषणाच्या शेवटी आपण म्हणतो, बोलण्यात काही अधिक-उणं झालं असल्यास क्षमा असावी. आयुष्यभर मीही म्हणत आलो. आज तो ‘असल्यास’ मला म्हणवत नाही. झालं आहे. पदरात घ्या.

आयत, बेटा, घंटी मी राजकडे देऊन टाकली आहे, ती आता वाजणार नाही. रविवारी तू ‘सर, पात सोलली की’ इथपर्यंत आली होतीस. पुढचं राहिलं आहे. ये वर. माइक इथे आहे, मी खाली सतरंजीवर बसतो.