शर्टाचं बटण

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी एक म्हातारं जोडपं बेधडक भांडत होतं.

"साखर रक्तात वाढलीय ना, मग पाय कशाला तपासायचे? लुबाडायचे धंदे सगळे!"

"तुमच्या पायांना काही कळेनासं झालंय, असा मला संशय आहे."

"सगळं कळतं! तूच त्या डॉक्टरला सामील आहेस."

"मग इथवर चालत येताना काही टोचलं का?"

"काय टोचणार? विषय बदलू नकोस. या शर्टाचं बटण कुठं गेलं? तुझं घरात लक्षच नसतं."

"लक्ष आहे म्हणूनच सकाळी तोडलं."

"तोडलंस? आणि टाकलंस कुठं?"

"उजवा बूट काढा."

बूट उलटा होताच बटण फरशीवर टणकन पडलं.

"अगं... आपला नंबर कितवा आहे?"