हळद-मीठ लावलेला महसीर

हसू नका, पण आमच्या मत्स्यालयाचं संशोधन केंद्र हळद-मीठ लावलेल्या माशावर उभं राहिलंय.

त्याचं असं झालं, प्रवरेतला महसीर संपला, असं मी अहवालात छातीठोकपणे लिहून मोकळा झालो होतो. प्रकल्पाला पैसे देणारी समिती म्हणाली, मासाच नाही तर संवर्धन कशाचं करताय? प्रकल्प गुंडाळा. मग मी नेवाशाकडच्या नदीकाठच्या गावांत फोटोसकट पत्रकं वाटली, ‘हा मासा सापडल्यास मत्स्यालयात आणून द्यावा.’

चौथ्या दिवशी यमुनामावशी डबा घेऊन हजर. जन्मभर नदीत जाळं टाकणारी बाई. झाकण उघडलं, तर आत महसीर! आठ तुकडे, हळद-मीठ लावलेले. डोकं तेवढं शाबूत होतं, म्हणून ओळखला.

मी ओरडलोच, “अहो मावशी, कापला कशाला?”

“तुमी शिकल्याली मानसं. खवलं काढायला तुमाला कुठं जमतंय?”

“जित्ता पाहिजे होता!”

“मंग तसं लिवायचं. डोहात लई हायेत आजून.”

अहवाल तिथंच फाडला. त्याच आठवड्यात मावशींनी पाण्याच्या पिंपातून जिवंत जोडी आणून दिली आणि प्रकल्प वाचला. आज आमच्याकडे त्या जोडीची पिल्लं आहेत.

परवा मी पाहुण्यांना ऐटीत सगळं दाखवत होतो. मावशी काचेला नाक लावून मोठ्या नराकडं बघत होत्या. सगळ्यांदेखत म्हणाल्या, “सायेब, चांगला पोसलाय की! आता तरी कापायचा का न्हाई?”