पेढ्याआधीचा अर्धा तास

सन्माननीय अध्यक्ष यशवंतरावजी, व्यासपीठावरील मान्यवर, गुरुजन, पालक, आणि समोर ओठ मिटून बसलेल्या माझ्या बालमित्रांनो,

रायपूरच्या या शाळेत बावीस वर्षं मी मुलांचे दात तपासले. आज निवृत्त होतानाही मघाशी शेवटचं शिबिर उरकूनच मंचावर आले. मुलांच्या दातांना फ्लोराइडचं जेल लावलंय. त्यानं दात कणखर होतात, कीड सहसा धरत नाही. अट एकच, नंतर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही.

आणि आपली प्रथा काय? जेल लावून झालं की अध्यक्षांनी स्वहस्ते प्रत्येकाला पेढा भरवायचा! मी एकदा, फार नम्रपणे, हरकत घेतली होती. यशवंतराव म्हणाले, "डॉक्टरीणबाई, तोंड गोड केल्याबिगर पोट्टे घरी कसे जातीन? तुम्ही काहून अपशकुन करून राहिल्या?" पुढची दोन वर्षं शिबिर झालंच नाही.

त्यानंतर सातवीतली कौमुदी माझ्या दवाखान्यात आली, गाल सुजलेला. पक्की दाढ होती, काढावी लागली. तिला मराठी समजते, पण बोलते हिंदीच. म्हणाली, "मैडम, आप दो साल आईं क्यों नहीं?" मला स्वतःची लाज वाटली. त्याच संध्याकाळी चौबे कॉलोनीत यशवंतरावांच्या घरी जाऊन मी माफी मागितली. चूक नसताना मागितली. शिबिर परत सुरू झालं, पेढाही परत आला.

मग मी एक युक्ती केली. जेल आणि पेढा यांच्यामध्ये पाहुण्यांची भाषणं घुसवली. दरवर्षी मीच त्यांना हात जोडून सांगायची, 'सविस्तर बोला हं!' पालकहो, इतकी वर्षं तुम्ही इथे जांभया दिल्यात, त्याला जबाबदार मी आहे.

आज मात्र कार्यक्रम आटोपशीर करायचं ठरलं. भाषण एकच, माझं. लिहून आणलेलं सगळं संपलं, म्हणून गुपित फोडावं लागलं. अध्यक्षमहाराज, याचा राग माझ्या जागी येणाऱ्या डॉ. ऋषिकेशवर काढू नका. शिबिर बंद करू नका. एवढीच भीती घेऊन मी जातेय.

आपण सर्वांनी फार प्रेम दिलंत, मी ऋणी आहे. उणाअधिक शब्द गेला असेल तर पदरात घ्या. यशवंतराव, पेढ्यांचं ताट तुमच्या हाती आलेलं दिसतंय. पण घड्याळात अजून अकरा मिनिटं आहेत, आणि माईक माझ्याकडे आहे. तर मुलांनो, मी पहिल्यांदा या शाळेत आले, तेव्हा...