दुसऱ्या हंगामाचं चिन्ह

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय संचालकसाहेब, व्यासपीठावरील विभागप्रमुख आणि पाहुणे मंडळी, सहकाऱ्यांनो, आणि जिला निरोप द्यायला आपण जमलो आहोत ती, पहिल्या रांगेत मान खाली घालून बसलेली आपली संशोधक मैत्रीण,

मला दोनच शब्द बोलायला सांगितलंय. कॉलेज अर्धवट सोडलेल्या, नोंदी भरणाऱ्या माणसाला शास्त्रज्ञांसमोर उभं करण्याचं धाडस आयोजकांचं. माझं नाही.

आत्ताच विभागप्रमुखांनी तिच्या शांत स्वभावाचं तोंडभरून कौतुक केलं. तिच्या प्रबंधाचं मात्र कुणी नाव काढलं नाही. आजाऱ्यासमोर आजाराचा विषय टाळावा, तसं. मग मीच काढतो.

तिचा तारा न दिसणाऱ्या एका सोबत्याबरोबर फिरतो. बारा तासांत एक फेरी. सोबती दिसत नाही. तो ताऱ्याला किती वेगाने फिरवतो, त्यावरून त्याचं किमान वस्तुमान काढायचं. ते तीन सूर्यांच्या वर भरलं, तर ते कृष्णविवरच. खाली आलं, तर छातीठोकपणे काही म्हणता येत नाही. तिचं उत्तर आलं तीन पूर्णांक सहा. चार वर्षांची मेहनत! कँटीनवाले काका तर त्या दिवसापासून तिला 'डॉक्टरीणबाई' म्हणायला लागले.

परीक्षकांनी पुन्हा गणित केलं. दोन पूर्णांक सहा.

चूक कुठे झाली? आपली पृथ्वीही पळत असते. तिचा वेग प्रत्येक नोंदीतून काढून टाकावा लागतो. काही महिने आपण ताऱ्याकडे सरकतो, काही महिने त्याच्यापासून दूर. म्हणून हंगाम बदलला की अधिक-उणेही बदलतं. दुसऱ्या हंगामाच्या एकसष्ट नोंदींना पहिल्याच हंगामाचं चिन्ह लागलं होतं. वस्तुमान वेगाच्या घनाने वाढतं. एवढीशी चूक फुगत फुगत सूर्याएवढी झाली.

समितीने विचारलं, "नोंदी कोणी तपासल्या?" ती म्हणाली, "मी." भरल्या कोणी, हे विचारायचं कुणाला सुचलं का?

मी भरल्या होत्या.

बसतो साहेब, एक मिनिट द्या.

काम दोन दिवसांचं होतं. मी ते एका दुपारी उरकलं, कारण ती जाता जाता म्हणाली होती, "लवकर आटपलं तर चहाला जाऊ." खोलीतले सगळे मला चिडवायचे, "अरे, ताई म्हण तिला, सुटशील एकदाचा!" मी कधीच म्हटलं नाही. चहा झाला. चाळीस मिनिटं. चार वर्षं त्यात बुडाली.

आठ महिने मी तोंड का उघडलं नाही? नोकरी जाईल म्हणून? रागाच्या भरात मी तीन नोकऱ्या सोडल्यात. भीती एकच होती, ती माझ्याशी बोलणं टाकेल.

आज सकाळी जिन्यात तिला सांगून टाकलं. ती म्हणाली, "माहितीये रे. अक्षर तुझंच होतं."

"मग समितीत बोलली का नाहीस?"

"तपासायचं काम माझं होतं. मी न बघता सही केली. आता तू उगाच काही बोलू नकोस. बोलून वस्तुमान बदलणार नाही."

नाही बदलणार, मान्य. पण साहेब, ती जिथे चालली आहे, तिथे उद्या आपलं एक पत्र जाणार आहे. टायपिंगला ते माझ्याकडेच आलं. त्यात लिहिलंय, 'नोंदींच्या बाबतीत निष्काळजी.' ते वाक्य माझं आहे. ते माझ्या नावावर लिहा.

ही ती नोंदवही. पान एकशे बारा, खाली माझी सही. आपल्यासमोर ठेवतो.

ती हातानेच मला बस म्हणतेय. बसतो.

आपण ऐकून घेतलंत, उपकार आहेत. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर ते पोटात घाला. या पानावरचं मात्र घालू नका.