बांधलेला गडी

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या फाउंड्रीचे मालक बापूसो साहेब, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, आज निवृत्त होणाऱ्या गुणवत्ता विभागाच्या प्रमुख पद्मावती मॅडम आणि माझ्या सहकारी बंधू-भगिनींनो,

मी केरबा, माल रवाना करणारा. भाषणाची सवय नाही, सांभाळून घ्या.

आपण बसचे ब्रेक ड्रम ओततो. प्रत्येक लॉटमधले पाच उचलून कडकपणा तपासायचा, पाचांची सरासरी काढायची, प्रत्येकातला फरक मोजायचा. मॅडम म्हणायच्या, "चौघांचे फरक काहीही येऊ देत, पाचव्याला मोकळीक नाही. सगळ्या फरकांची बेरीज शून्यच यायला हवी." म्हणून पाचव्याचं नाव आम्ही ठेवलं बांधलेला गडी. मग फरकांचे वर्ग करून त्यांच्या बेरजेला भागायचं चारानं; तो व्हेरिअन्स, म्हणजे लॉट किती विखुरलाय त्याचं माप.

आमचा गुंडू एकदा भडकला, "पाच ड्रम मोजलं की वो मॅडम! एक काय जोतिबाला गेलाय व्हय?"

"गुंडूभाऊ, सरासरी याच पाचांची. ती यांच्याच बाजूनं बोलणार. पाचानं भागलं तर व्हेरिअन्स कमी दिसतो. खरा लॉट त्याहून जास्त विखुरलेला असतो."

"थोडं कमी दिसलं तर काय आभाळ कोसळतंय?"

"आभाळ नाही हो. बस कोसळेल."

माझी लेक संयोगिता गगनबावड्याला शिक्षिका आहे, रोज बसनं जाते. धुक्यात रस्ताही दिसत नाही तिथं. गाडी उतारावर असते तेव्हा ड्रायव्हरच्या पायाखाली आपलाच ड्रम असतो, हे तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

आज मॅडम सत्काराच्या तयारीत घरी होत्या. नव्या कॉम्प्युटरवर लॉट तपासला. फरकांच्या वर्गांची बेरीज चाळीस. व्हेरिअन्सची मर्यादा नऊची. पडद्यावर आलं: चाळीस भागिले पाच, आठ. हिरवा दिवा. ट्रक भरला, ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला.

चाळीस भागिले चार किती होतात हो?

मॅडम, फोन करावासा वाटला. केला नाही. उद्यापासून कुणाला करणार होतो?

साहेब, ट्रक फाटकाच्या आतच उभा आहे. किल्ली माझ्या खिशात आहे. हे आपल्याला सगळ्यांसमोर कळतंय, त्याबद्दल माफी असावी. उद्या मला कामावर घ्यायचं की नाही, ते आपण ठरवा.

मॅडम, आपले आभार कसे मानू? भीती कशाची बाळगायची, एवढं आपण शिकवलंत. सर्वांनी शांतपणे ऐकलंत, ऋणी आहे. बोलण्यात काही चुकलं असेल तर पदरात घ्या. किल्ली मात्र लॉट पुन्हा तपासल्यावरच देईन.